गेम उडवण्याआधी सेव्ह बाजूला काढा
कॉम्प्युटर दुरुस्तीच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, राजारामपुरी, कोल्हापूर

काउंटरवर सीपीयू ठेवता ठेवताच बरेच जण सांगतात, "गेम सारखी अडकतीय. सगळं उडवा आणि नवीन टाका." त्यावर आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सेव्ह कुठं आहेत?" बहुतेकांना ते माहीत नसतं, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. गेम कधी सांगतच नाही की तुमचा खेळ मी अमुक फोल्डरमध्ये ठेवलाय. म्हणून हे पत्रक. घरी स्वतः गेम नव्यानं टाकणार असाल तर आधी वाचा, आणि मशीन आमच्याकडे आणणार असाल तरीही वाचा.

गेम वेगळी, सेव्ह वेगळं

गेम म्हणजे कंपनीनं दिलेल्या फाइली. तुमच्याकडची आणि कसबा बावड्यातल्या मित्राकडची गेम सारखीच. ती खराब झाली, पुसली गेली, तरी पुन्हा उतरवून घेता येते. सेव्ह तसं नाही. तुम्ही कुठल्या मिशनपर्यंत आलात, कोणती गाडी मिळवली, कुठं काय बांधलं, हे ज्या फाइलीत लिहिलेलं असतं ती बहुतेकदा फक्त तुमच्या मशीनमध्ये असते. पैसे मोजूनही ती दुसरीकडून मिळत नाही. आकारानं ती अगदी लहान असते. जीटीए फाइव्ह शंभर जीबीच्या आसपास जागा घेते, पण तिचे सगळे सेव्ह जुन्यातल्या जुन्या पेनड्राइव्हवरही सहज मावतात.

ज्या गेम फक्त नेटवर चालतात, उदाहरणार्थ व्हॅलोरंट, त्यांची चिंता नको. तिथली कमाई कंपनीच्या सर्व्हरवर तुमच्या अकाउंटला जोडलेली असते. आयडी आणि पासवर्ड लक्षात असला की झालं. जीटीएमध्ये मात्र दोन्ही प्रकार आहेत. ऑनलाइनचा खेळ सर्व्हरवर राहतो, स्टोरी मोड तुमच्या मशीनमध्ये.

सेव्ह कुठं सापडतात

आधी डॉक्युमेंट्स उघडा. आमच्याकडं येणाऱ्या बऱ्याच गेमचे सेव्ह तिथंच निघतात. जीटीएच्याच सॅन अँड्रियास आणि व्हाइस सिटी यांच्या फोल्डरवर गेमच्या नावापुढं 'युजर फाइल्स' असं लिहिलेलं असतं. जीटीए फाइव्हचे सेव्ह रॉकस्टार गेम्सच्या फोल्डरमध्ये, आत प्रोफाइल्स नावाच्या फोल्डरमध्ये. विचर थ्रीच्या फोल्डरमध्ये 'गेमसेव्ह्ज' असं वेगळं फोल्डरच असतं. आपल्याकडं अजूनही घरोघरी खेळलं जाणारं २००६ सालचं क्रिकेट ०७ घ्या. त्याच्या टूर्नामेंटही डॉक्युमेंट्समध्येच राहतात, पण नवीन जर्सी आणि खेळाडूंचे पॅच गेमच्या मूळ फोल्डरमध्ये टाकलेले असतात. म्हणजे गेम काढली की टूर्नामेंट राहील आणि पॅच जाईल. पॅचची मूळ फाइल हाताशी आहे का, ते आधी बघा.

डॉक्युमेंट्समध्ये काही नसेल तर तुमच्या नावाच्या युजर फोल्डरमधलं 'सेव्ह्ड गेम्स' बघा. तिथंही नसेल तर ॲपडेटा. हे फोल्डर विंडोज लपवून ठेवतं, म्हणून साध्या शोधात हाती लागत नाही. विंडोजची कळ आणि आर एकदम दाबा, उघडलेल्या चौकटीत टक्क्याचं चिन्ह, त्याला लागून इंग्रजीत ॲपडेटा आणि पुन्हा टक्क्याचं चिन्ह टाइप करून एंटर मारा. थेट रोमिंग फोल्डर उघडतं. त्याच्या शेजारी लोकल आणि लोकल-लो अशी आणखी दोन फोल्डर असतात, तीही बघून घ्या.

जुन्या गेमचं तंत्र निराळं. १९९९ सालचं एज ऑफ एम्पायर्स टू आपले सेव्ह स्वतःच्याच फोल्डरमध्ये, 'सेव्हगेम' या नावाखाली ठेवतं. त्या काळी तीच पद्धत होती. पुढं व्हिस्टापासून विंडोजनं प्रोग्राम फाइल्समध्ये कुणालाही लिहू द्यायचं बंद केलं आणि जुन्या गेमचं लिखाण गुपचूप ॲपडेटाच्या लोकलमधल्या 'व्हर्च्युअलस्टोअर'कडं वळवलं. गेमच्या फोल्डरमध्ये सेव्ह दिसत नाहीत, पण गेम उघडल्यावर दिसतात, असं झालं तर ते व्हर्च्युअलस्टोअरमध्ये आहेत असं समजा.

क्रॅक केलेल्या, म्हणजे विकत न घेता कुलूप तोडून चालवलेल्या गेमचे सेव्ह बरेचदा भलतीकडेच जातात, कधी पब्लिक युजरच्या डॉक्युमेंट्समध्येसुद्धा. अशा गेम आम्ही इन्स्टॉल करून देत नाही, पण तुमच्या मशीनमध्ये आधीपासून असतील तर सेव्ह जरूर शोधून देतो. पोरांची मेहनत खरीच असते.

पन्हाळ्याची गोष्ट

दुकान नवीन होतं तेव्हाची ही गोष्ट. शिवाजी पेठेतले एक गृहस्थ मशीन घेऊन आले. चालू व्हायलाच दहा मिनिटं लागत होती. आम्ही डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो, हिशेबाचा डेटा सगळं काढून घेतलं, त्यांना दाखवलं, फॉरमॅट मारला, विंडोज टाकली. मशीन पळायला लागलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांची मुलगी धाकट्या भावाला घेऊन दुकानात आली. घर बदलून ती मंडळी फ्लॅटमध्ये राहायला गेली होती. दिवाळीत दारात किल्ला करायला जागा नव्हती, म्हणून दोघांनी सुट्टीभर माइनक्राफ्ट या ठोकळे रचायच्या गेममध्ये पन्हाळा बांधला होता. तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जाकोठी. तटबंदीचा दगड कुठल्या ठोकळ्यानं नीट दिसतो ते बघायला दोघं बाबांबरोबर गडावरही जाऊन आली होती. आम्ही त्यांच्याच मशीनवर गेम टाकून उघडली. जगांची यादी रिकामी. तिनं यादी वर-खाली करून पाहिली, आणि भावाला म्हणाली, "चल."

माइनक्राफ्टची जावा आवृत्ती सगळी जगं रोमिंगमध्ये, नावाच्या सुरुवातीला टिंब असलेल्या माइनक्राफ्ट फोल्डरच्या 'सेव्ह्ज'मध्ये ठेवते. आम्ही ते लपलेलं फोल्डर उघडलंच नव्हतं. फॉरमॅटनंतर त्याच डिस्कवर विंडोज बसली होती, त्यामुळं परत काढायचा प्रयत्नही वाया गेला. तेव्हापासून आमच्या जॉबकार्डवर 'गेमचे सेव्ह' असा वेगळा रकाना आहे. तो भरल्याशिवाय मशीन आत जात नाही.

म्हणून माइनक्राफ्ट असेल तर सेव्ह्जमधलं प्रत्येक फोल्डर म्हणजे एक जग, हे ध्यानात ठेवा आणि सगळी फोल्डर उचला. बेडरॉक आवृत्ती असेल तर जगाच्या एडिटमध्ये जाऊन 'एक्स्पोर्ट वर्ल्ड' करा. एक फाइल तयार होते, ती पेनड्राइव्हवर घ्या.

कॉपी कशी घ्यायची

गेम पूर्ण बंद करा. स्टीम, एपिक यांसारखा लाँचर, म्हणजे गेम उतरवून चालू करून देणारा प्रोग्राम असेल तर तोही बंद करा, खाली कोपऱ्यातल्या चिन्हासकट. सेव्हचं अख्खं फोल्डर कॉपी करून पेनड्राइव्हवर पेस्ट करा. कट करू नका, कॉपीच. फोल्डरला गेमचं नाव आणि तारीख द्या. मग पेनड्राइव्हवरचं फोल्डर उघडून आतल्या फाइलींचा आकार बघा. शून्य केबी दिसत असेल तर ती कॉपी उपयोगाची नाही. सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवर घेतलेल्या कॉपीवर आम्ही भरवसा ठेवत नाही, कारण दोन्ही बरेचदा एकाच डिस्कचे भाग असतात. डिस्क गेली की दोन्ही गेले.

सगळंच उडवायची गरज आहे का?

बऱ्याचदा नसते. साध्या तापाला कुणी थेट ऑपरेशनला घेत नाही.

गेम चालू होते पण माउस हलत नाही, स्क्रीन काळी राहते, ग्राफिक्स वाढवल्यापासून उघडतच नाही, अशा तक्रारींत बरेचदा फक्त सेटिंगची फाइल बिघडलेली असते. सॅन अँड्रियासमध्ये तिचं नाव जीटीए, अंडरस्कोर, एसए आणि शेवटी डॉट सेट. तिचं नाव बदलून गेम चालू करा, गेम नवीन सेटिंग फाइल बनवते आणि माउस हलायला लागतो. पण इथंच मोठा धोका आहे. ही फाइल आणि तुमचे आठही सेव्ह एकाच फोल्डरमध्ये शेजारी-शेजारी असतात. मित्र फोनवर सांगतो, "ते युजर फाइल्सचं फोल्डर डिलीट मार, चालू होईल." गेम चालू होते खरी, पण पहिल्या मिशनपासून. फोल्डरला हात लावू नका, एकाच फाइलचं नाव बदला. जीटीए फाइव्हचंही तसंच. सेटिंगची फाइल आणि प्रोफाइल्सचं फोल्डर एकाच ठिकाणी असतात.

सेटिंगनं भागलं नाही तर फाइली तपासून घ्या. स्टीमच्या लायब्ररीत गेमच्या नावावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, इन्स्टॉल्ड फाइल्स, आणि तिथं व्हेरिफाय. एपिकमध्येही अशीच सोय आहे. बिघडलेल्या किंवा गायब झालेल्या फाइली तेवढ्या नव्यानं उतरतात, अख्खी गेम नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालवणाऱ्यांना याचं मोल कळेल.

मॉड, म्हणजे गेममध्ये बदल करणाऱ्या बाहेरच्या फाइली, टाकलेले असतील तर व्हेरिफाय पुरत नाही. कारण स्टीम आपल्या यादीतल्या फाइली तपासतं, तुम्ही वरून टाकलेल्या जादा फाइली तशाच सोडतं. गेम अनइन्स्टॉल केली तरी त्या मागं राहतात आणि नवी गेम त्याच फोल्डरमध्ये बसली की पुन्हा तोच बिघाड. तेव्हा सेव्ह बाहेर काढा, गेम अनइन्स्टॉल करा, स्टीमॲप्सच्या 'कॉमन'मध्ये त्या गेमचं फोल्डर उरलं असेल तर ते हातानं काढा, मगच नवीन टाका. अनइन्स्टॉल करताना सेव्हही काढायचे का, असं काही गेम मध्येच विचारतात. घाईत ओके दाबू नका, वाचा.

मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरून घेतलेल्या गेमसाठी एक ठळक इशारा. सेटिंग्जमध्ये अशा ॲपसाठी 'रिपेअर' आणि 'रीसेट' ही दोन बटणं एकाखाली एक असतात. रिपेअर डेटाला हात लावत नाही. रीसेट ॲपचा डेटा पुसून टाकतं. आधी रिपेअर करून बघा.

विंडोजच रीसेट करायची वेळ आली आणि 'किप माय फाइल्स' निवडलं, तरी ॲपडेटातलं सुखरूप राहील असं धरून चालू नका. कॉपी आधी.

सेव्ह परत ठेवताना

गेम टाकून झाली की एकदा चालू करा, मेन्यूपर्यंत जा आणि बंद करा. त्यामुळं लागणारी फोल्डर गेम स्वतः बनवते. मग पेनड्राइव्हवरचे सेव्ह जागेवर ठेवा.

स्टीमवर काही गेमचे सेव्ह क्लाउडवरही, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवरही जातात. सोय चांगली आहे, पण मशीनमधलं सेव्ह आणि क्लाउडवरचं सेव्ह जुळलं नाही की स्टीम विचारतं, कोणतं ठेवू? दोन्हींसमोर तारीख-वेळ असते, ती शांतपणे वाचा. चुकीचं निवडलं तर नुकतीच चालू केलेली रिकामी गेम तुमच्या जुन्या सेव्हवर बसू शकते. पेनड्राइव्हवरची कॉपी याचसाठी आठवडाभर तरी पुसू नका. वनड्राइव्हचंही लक्षात असू द्या. ते चालू असेल तर तुमचं डॉक्युमेंट्स वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये हललेलं असू शकतं आणि तिथं पुसलेलं सगळीकडून पुसलं जातं.

माइनक्राफ्ट मॉडसकट खेळत असाल तर आधी तेच मॉड टाका, मग जग उघडा. मॉडशिवाय उघडलं तर मॉडचे ठोकळे नाहीसे होतात. नव्या आवृत्तीत उघडलेलं जग जुन्या आवृत्तीत पुन्हा उघडू नका, बिघडू शकतं.

सेव्ह गेलंच असेल तर

पावसाळ्यात लाईट जाते आणि नेमकी सेव्ह होत असतानाच जाते. फाइल अर्धवट लिहिली जाते. माइनक्राफ्टचं जग असं उघडेना झालं तर त्या जगाच्या फोल्डरमध्ये 'लेव्हल' नावाच्या डॅट फाइलशेजारी तिचीच 'ओल्ड' लावलेली जुनी प्रत असते. बिघडलेली फाइल बाजूला ठेवून जुनीला मूळ नाव दिलं की जग बरेचदा उघडतं. इतर गेममध्ये ऑटोसेव्ह किंवा आधीचा स्लॉट बघा. शक्य असेल तर यूपीएस घ्या, आणि एकाच स्लॉटवर सेव्ह न करता दोन-तीन आळीपाळीनं वापरा.

चुकून डिलीट झालं असेल तर रीसायकल बिन बघा. तिथं नसेल तर मशीन लगेच बंद करा. नवीन काही उतरवू नका, फाइली परत आणणारं सॉफ्टवेअरही त्याच ड्राइव्हवर टाकू नका. साधी हार्ड डिस्क असेल तर पुसलेली फाइल परत मिळण्याची आशा असते, कारण तिच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ती तिथंच असते. एसएसडीमध्ये विंडोज मोकळी झालेली जागा लगेच साफ करायला सांगते, त्यामुळं तिथं आशा फार कमी. तसं असलं तर आम्ही आधीच स्पष्ट सांगतो आणि त्याचे पैसे घेत नाही.

मशीन आमच्याकडे आणताना

कोणकोणत्या गेमचे सेव्ह हवेत ते एका चिठ्ठीवर लिहून आणा. ही चिठ्ठी आई-बाबांनी नव्हे, खेळणाऱ्यानं लिहावी. मॉड असतील तर त्यांचीही नावं लिहा. लॉगिनचे पासवर्ड लिहून देऊ नका, ते तुम्ही स्वतः येऊन टाका. पेनड्राइव्ह नसेल तर आमच्याकडचा वापरू, त्याचे वेगळे पैसे नाहीत. आणि मशीन न्यायला येताना खेळणाऱ्या मुलाला किंवा मुलीला सोबत आणा. प्रत्येक गेम काउंटरवर उघडू, सेव्ह लोड करून दाखवू, त्यांनी "हेच" म्हटल्यावर मगच मशीन बंद करून तुमच्या हातात देऊ.