जुलाबात सलाईन की ओआरएस?

सोलापुरात पारा चाळिशीपलीकडे गेला की जुलाबाचे रुग्ण वाढतात. नळाला पाणी काही दिवसांआड, त्यामुळे पिंपात साठवलेलं पाणीच पोटात जातं. मग दवाखान्यात गेल्या गेल्या मागणी ठरलेली: "डॉक्टर, एक सलाईन लावा, ताकद येईल." यंत्रमाग कामगाराची, विडी वळणाऱ्या बाईची मजुरी त्या बाटलीत जाते.

अर्धा लिटर साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. ग्लुकोजच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे १०० कॅलरी. ज्वारीच्या एका भाकरीत याहून जास्त मिळतात.

चालत-बोलत असलेल्या, पाणी पिऊ शकणाऱ्या रुग्णाला बहुतेक वेळा ओआरएस, म्हणजे ठरलेल्या प्रमाणात मीठ आणि साखर घातलेलं पाणी, पुरतं. ते का, हे मला शरीरातल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक वाटतं. लहान आतड्याच्या पेशींवर एसजीएलटी-१ नावाचं प्रथिन असतं. हे दार एकट्याला उघडत नाही. मिठातल्या सोडियमचे दोन आयन (विद्युतभारित कण) आणि ग्लुकोजचा एक रेणू एकत्र आले तरच दोघांना आत घेतं. पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला एक पंप सतत सोडियम बाहेर काढतो, म्हणून पेशीत सोडियम कमी राहतं. ही तूटच बाहेरच्या सोडियमला आत ओढते आणि सोबत ग्लुकोजही येतं. दोन्ही आत गेली की परासरणाने, म्हणजे क्षार-साखर जास्त तिकडे पाणी सरकतं त्या नियमाने, पाणी त्यांच्यामागे जातं. कॉलऱ्याचं विष पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप पोचवणारा रेणू वाढवून क्लोराईडचा मार्ग उघडतं, त्यामुळे आतड्यात पाण्याचा लोंढा येतो. पण एसजीएलटी-१ ला ते धक्का लावत नाही. जुलाब चालू असतानाही ओआरएस शोषलं जातं ते यामुळेच.

१९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजायला सुरुवात केली. कॉलऱ्याचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आले.

प्रमाण मात्र पाळायलाच हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. साखर फार झाली तर परासरण उलटं होतं, पाणी आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. ओआरएसच्या नावाने गोड पेयं विकण्यावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२५ मध्ये बंदी घातली, ती योग्यच होती. पाकीट मिळालं नाही तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. बाळाला जुलाब लागले की दृष्ट काढत बसणं आणि पाणी, दूध तोडणं यात मोलाचा वेळ जातो. अंगावरचं दूध चालूच ठेवा. लहान मुलांना डॉक्टर जस्ताच्या गोळ्याही देतात, त्या जुलाब थांबले तरी सांगितलेले सगळे दिवस द्यायच्या.

डोळे खोल गेले, मूल मलूल पडलं, लघवी थांबली, शौचात रक्त दिसलं किंवा प्यालेलं सगळं उलटून पडू लागलं, तर घरी थांबू नका, सरळ रुग्णालय गाठा. तिथे सलाईन लागू शकतं.