स्ट्रासबर्ग की लक्झेंबर्ग? 'युरोपियन कोर्ट' म्हणजे नेमकं कोणतं

१४ जून २०२२ ची रात्र. इंग्लंडमधल्या बॉस्कम डाउन विमानतळावर रवांडाला जाणारं विमान तयार उभं होतं. त्यातून पाठवायचे होते ते ब्रिटनमध्ये आश्रय मागायला आलेले लोक. ऐनवेळी 'युरोपियन कोर्टा'चा अंतरिम आदेश आला आणि उड्डाण रद्द झालं. त्यावर तिथल्या अनेकांचा प्रश्न एकच होता: आपण २०२० मध्येच बाहेर पडलो ना? मग हे कोर्ट अजून आडवं कसं येतं?

बाहेर पडले ते युरोपियन युनियनमधून. आदेश आला होता फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयाकडून, आणि ते युनियनचं नाहीच. ते 'कौन्सिल ऑफ युरोप'चं आहे. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेत ब्रिटन, तुर्कस्तान, युक्रेन धरून ४६ देश आहेत. रशिया होता, २०२२ मध्ये त्याला काढलं. २७ देशांच्या युनियनचं न्यायालय बसतं लक्झेंबर्गमध्ये. घोळ व्हायला कारणंही भरपूर: निळ्यावर बारा ताऱ्यांचा झेंडा दोघांचा एकच, आणि युनियनची संसद भरते तीही स्ट्रासबर्गमध्येच. (हेगचं न्यायालय, जे आपल्याला कुलभूषण जाधव खटल्यामुळे माहीत झालं, ते तिसरंच. ते संयुक्त राष्ट्रांचं.)

खरा फरक दारात कोण उभं आहे यावरून कळतो. स्ट्रासबर्गला माणूस स्वतः अर्ज करतो, पण आधी आपल्या देशातली कोर्टं संपवावी लागतात, आणि शेवटच्या निकालानंतर चार महिन्यांच्या आत अर्ज पोचावा लागतो. तुमचा पासपोर्ट कुठला, हे तिथे विचारत नाहीत. त्या देशाच्या अखत्यारीत असलात की झालं. लक्झेंबर्गला सामान्य माणूस सहसा थेट पोचत नाही. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला नोकरी करणाऱ्या पुणेकराचा बायकोला आणण्याचा अर्ज फेटाळला गेला, तर तो डच कोर्टात जाईल. युनियनच्या नियमाचा अर्थ लावताना तिथले न्यायाधीश अडले, तर ते लक्झेंबर्गला प्रश्न पाठवतील. उत्तर येईपर्यंत खटला थांबतो, आणि मग निकाल डच न्यायाधीशच देतात.

एकाच दुखण्याकडे दोघांनी कसं पाहिलं, ते २०११ मध्ये दिसलं. डब्लिन नियमानुसार आश्रयाचा अर्ज बहुतेक वेळा माणूस युनियनच्या ज्या देशात पहिल्यांदा शिरला, त्यानेच तपासायचा. एक अफगाण माणूस ग्रीसमार्गे बेल्जियमला पोचला. बेल्जियमने त्याला नियमाप्रमाणे परत ग्रीसला पाठवलं. तिथे आधी घाणेरडी, खच्चून भरलेली कोठडी, मग महिनोन्‌महिने रस्त्यावर, बागेत झोपणं. जानेवारीत स्ट्रासबर्गने ग्रीसला तर दोषी धरलंच, पण बेल्जियमलाही धरलं: तिथली परिस्थिती माहीत असताना पाठवलंत कसं? तसाच प्रश्न ब्रिटन आणि आयर्लंडच्या कोर्टांकडून लक्झेंबर्गलाही आला होता; त्यावरचा निकाल डिसेंबरमध्ये लागला. त्याने डब्लिन नियम मोडीत काढला नाही. मात्र प्रत्येक सदस्य देश हक्क पाळतोच असं डोळे मिटून गृहीत धरता येणार नाही, असं सांगितलं. एकाने त्या माणसाचे हाल पाहिले, दुसऱ्याने नियम कुठवर ताणता येतो ते पाहिलं. मला पहिला निकाल जास्त भिडतो, पण अधिकाऱ्यांचे हात रोज बांधतो तो दुसरा.

दरारा कोणाचा जास्त, याबद्दल फारसा वाद नाही. स्ट्रासबर्ग भरपाई द्यायला लावतं; पुढची अंमलबजावणी सदस्य देशांच्या मंत्र्यांची समिती बघते, आणि तिच्या हातात मुख्यतः दबावच असतो. लक्झेंबर्गचं हत्यार पैशाचं. आश्रयाच्या नियमांबाबतचा आधीचा निकाल हंगेरीने पाळला नाही, म्हणून जून २०२४ मध्ये त्याने २० कोटी युरो दंड ठोठावला, शिवाय पालन होईपर्यंत रोजचे १० लाख. हंगेरीने भरले नाहीत, तेव्हा युनियनने तिला द्यायच्या निधीतूनच ते कापायला सुरुवात केली.

स्ट्रासबर्गचं न्यायालय ज्याच्या आधारे निकाल देतं, त्या मानवाधिकार करारात युनियनने स्वतः सामील व्हावं, असं २००९ मध्ये लागू झालेल्या लिस्बन करारातच लिहिलंय. त्यासाठीचा मसुदा लक्झेंबर्गपुढे गेला, आणि २०१४ मध्ये त्याने तो अडवला. त्यामुळे सीमेवर गस्त घालणाऱ्या फ्रॉन्टेक्स या युनियनच्या संस्थेविरुद्ध तक्रार असेल, तर स्ट्रासबर्गचं दार बंद. लक्झेंबर्गलाच जावं लागतं.