व्हँडर झाल्म, बिल

(जन्म : १९३४). कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताचे माजी प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री. जन्म नेदरलँड्समध्ये. वडील फुलझाडांच्या कंदांचे व्यापारी होते. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते उत्तर अमेरिकेत अडकले आणि कुटुंबाला त्यांच्याकडे ब्रिटिश कोलंबियात पोहोचायला १९४७ उजाडले. वडिलांच्या आजारपणामुळे शाळा संपताच बिल यांच्यावर धंदा पडला. तो सांभाळून त्यांनी व्हँकूव्हरजवळच्या सरे येथे रोपवाटिका विकत घेतली आणि तिचा व्याप वाढवला.

सरेच्या नगरपरिषदेतून ते राजकारणात आले व १९६९ मध्ये महापौर झाले. लिबरल पक्षात जम न बसल्याने त्यांनी उजव्या विचारांच्या सोशल क्रेडिट पक्षाची वाट धरली आणि १९७५ मध्ये प्रांतिक विधानसभेत निवडून येऊन ते तत्कालीन प्रीमियर बिल बेनेट यांच्या मंत्रिमंडळात दाखल झाले. समाजकल्याण खाते हाती येताच, काम करण्याजोग्या ज्या माणसाला फावडे उचलायचे नसेल त्याची गय केली जाणार नाही, असे त्यांनी बजावले. हे फावडे पुढे कायमचे त्यांच्या नावाला चिकटले. १९८३ मध्ये ते निवडणुकीपासून दूर राहिले आणि १९८४ मध्ये व्हँकूव्हरच्या महापौरपदासाठी उभे राहून हरले. तरीही १९८६ मध्ये व्हिस्लर येथील अधिवेशनात, स्वतः आमदार नसताना, चौथ्या फेरीअखेर त्यांनी पक्षाचे नेतेपद मिळवले व त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये निवडणूकही जिंकली. पक्षातील मातब्बरांपेक्षा सामान्य कार्यकर्त्यांवर त्यांची मोहिनी अधिक होती आणि हसतमुख दुकानदाराची त्यांची ढब मतदारांनाही भावली.

सत्तेत मात्र ही ढब अपुरी पडली. नव्या कामगार कायद्याच्या विरोधात १ जून १९८७ रोजी प्रांतात एक दिवसाचा सार्वत्रिक संप झाला. १९८८ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपातावर निर्बंध घालणारा कायदा रद्द केल्यावर, कॅथलिक श्रद्धेच्या व्हँडर झाल्म यांनी गर्भपाताचा सरकारी खर्च थांबवण्याचा प्रयत्न केला आणि तो न्यायालयात टिकला नाही. त्याच वर्षी ब्रायन स्मिथ व ग्रेस मॅकार्थी हे दोन ज्येष्ठ मंत्री बाहेर पडले.

त्यांचा शेवट झाला तो धंद्यामुळेच. रिचमंड येथे त्यांनी ‘फँटसी गार्डन्स’ हे उद्यान उभारले होते. तेथे पवनचक्की होती, बायबलमधील प्रसंगांचे देखावे होते आणि ज्या गढीवजा इमारतीत व्हँडर झाल्म पती-पत्नी राहत असत तीही तिथेच होती. १९९० मध्ये हे उद्यान उद्योगपती तान यू यांना विकताना, विक्रेते असलेल्या प्रीमियरांनी ग्राहकाची सरकारदरबारी सरबराई केली. उद्यान पत्नी लिलियन यांचे असल्याचा त्यांचा खुलासा चौकशीत टिकला नाही. तान यू यांच्याकडून त्यांनी २०,००० डॉलर रोख स्वीकारल्याचेही निष्पन्न झाले. लोकप्रतिनिधींच्या खाजगी हितसंबंधांची चौकशी करणारे आयुक्त टेड ह्यूज यांनी आचारसंहिता मोडल्याचा निष्कर्ष काढताच, २ एप्रिल १९९१ रोजी त्यांनी पद सोडले. त्यांच्यानंतर आलेल्या रीटा जॉन्स्टन या कॅनडातील पहिल्या महिला प्रीमियर. ऑक्टोबरच्या निवडणुकीत पक्ष सात जागांवर आला. विश्वासभंगाच्या फौजदारी खटल्यातून व्हँडर झाल्म १९९२ मध्ये निर्दोष सुटले. तरी आचरण गैर असणे आणि ते गुन्हा ठरणे या दोन गोष्टी वेगळ्या; ह्यूज यांचा निष्कर्ष त्या निकालाने पुसला गेला नाही.

२०१० मध्ये केंद्र व प्रांत यांचे विक्रीकर एकत्र करणाऱ्या नव्या कराविरुद्धच्या सह्यांच्या मोहिमेचे नेतृत्व करत ते पुन्हा प्रकाशात आले. मोहिमेला पाच लाखांहून अधिक सह्या मिळाल्या, २०११ च्या सार्वमतात सुमारे ५५ टक्के मतदारांनी कर नाकारला आणि एप्रिल २०१३ मध्ये जुनी करपद्धती परत आली.