एपीकेच्या पोटात डोकावताना

कोणतीही एपीके, म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅपची फाइल, हेक्स एडिटरमध्ये (फाइलीतले कच्चे बाइट दाखवणाऱ्या साधनात) उघडा, सुरुवातीलाच दोन अक्षरं दिसतील: 'पीके'. ही फिल कॅट्झ यांची आद्याक्षरं. १९८९ मध्ये त्यांनी झिप हा फाइलप्रकार आणला. पुढे जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या जार फाइली (तयार कोडची पुडकी) त्याच घडणीच्या झाल्या आणि २००८ मध्ये अँड्रॉइड १.० आलं तेव्हा त्याच्या अ‍ॅपचं पॅकेजही तसंच बांधलं गेलं. म्हणून आजही नावाच्या शेवटचं 'एपीके' खोडून 'झिप' लिहिलं की ती साध्या फोल्डरसारखी उघडते.

उघडते, पण वाचता येत नाही. आत चित्रं असतात, ती तेवढी ओळखू येतात. अ‍ॅपची ओळख आणि त्याने मागितलेल्या परवानग्या ज्यात लिहिलेल्या असतात ती मॅनिफेस्ट फाइल नोटपॅडमध्ये उघडली, तर नुसती चौकटी-ठिपक्यांची जत्रा दिसते, कारण पॅकेज बांधताना ती बायनरी, म्हणजे यंत्रालाच वाचता येईल अशी, केलेली असते. खरा कोड 'क्लासेस.डेक्स' या फाइलीत असतो. ती सुरुवातीच्या अँड्रॉइडवर अ‍ॅप चालवणाऱ्या डॅल्व्हिक या यंत्रणेसाठी बनलेली. डॅन बॉर्नस्टीन यांनी डॅल्व्हिक लिहिलं आणि आइसलंडमधल्या एका गावाचं नाव त्याला दिलं. जावात प्रत्येक क्लासची (कोडच्या एकेका घटकाची) स्वतःची फाइल आणि स्वतःची स्थिरांकांची, म्हणजे कोडमधल्या नावं-शब्दांची, यादी असते. डेक्समध्ये सगळ्या क्लासेसना मिळून एकच यादी, म्हणजे तोच शब्द पुन्हा पुन्हा साठवायला नको. तेव्हाच्या फोनमध्ये मेमरी बेताची होती, ही काटकसर गरजेचीच होती. पण तिच्यामुळे जावासाठी बनलेली जुनी साधनं इथे निरुपयोगी ठरली.

ही अडचण कंपन्यांनी नव्हे, हौशी लोकांनी आधी सोडवली, आणि मला या इतिहासातलं हेच पान सगळ्यात मोलाचं वाटतं. बेन ग्रुव्हर यांनी स्माली आणि बाकस्माली ही जोडी लिहिली: एक डेक्स बांधणारी, दुसरी ती सोडवून मजकुरात मांडणारी. डॅल्व्हिकचं नाव आइसलंडचं, म्हणून यांचीही नावं आइसलँडिक. २०१० मध्ये रिशार्ड विश्निएव्हस्की यांचं एपीकेटूल आलं. त्याने मॅनिफेस्ट आणि रिसोर्सेस (पडद्यांची मांडणी, मजकूर वगैरे) पुन्हा वाचता येतील अशा एक्सएमएलमध्ये काढून दिले. शिवाय बदल करून तेच पॅकेज पुन्हा बांधायची सोयही दिली. अ‍ॅप आपल्या भाषेत आणणं हा त्याचा एक उघड उपयोग होता. पुढे कॉनर टंबलसन यांनी ते वर्षानुवर्षं सांभाळलं.

मग गरज बदलली. डेक्समध्ये मेथडला (क्लासमधल्या एकेका कामाच्या तुकड्याला) दिलेला क्रमांक १६ बिटांचा, म्हणजे एका फाइलीत जास्तीत जास्त ६५,५३६ मेथड. इतरांनी लिहिलेल्या तयार कोडच्या लायब्रऱ्या जोडता जोडता अ‍ॅप ही मर्यादा ओलांडू लागली आणि बिल्ड, म्हणजे पॅकेज बांधायचं काम, अडू लागलं. २०१४ च्या सुमारास कोड अनेक डेक्स फाइलींत वाटणाऱ्या मल्टिडेक्सने वाट काढून दिली. तरी कुठली लायब्ररी किती जागा खाते, हा प्रश्न उरलाच. आतापर्यंत दुसऱ्याचं अ‍ॅप उघडलं जायचं. आता लोक स्वतःचंच उघडून बघू लागले. गूगलमधल्या बोरिस फार्बर यांचं क्लासीशार्क हे साधन याच काळातलं. सप्टेंबर २०१६ मध्ये अ‍ॅप बनवायच्या अँड्रॉइड स्टुडिओ या सॉफ्टवेअरच्या २.२ आवृत्तीसोबत एपीके अ‍ॅनलायझर आलं आणि हे काम रोजचं झालं. एपीके खिडकीत ओढून टाकायची. प्रत्येक फाइलीचा मूळ आकार आणि डाउनलोडचा आकार शेजारी शेजारी दिसतो, डेक्समधल्या मेथड मोजता येतात, जुनी-नवी आवृत्ती समोरासमोर ठेवता येते.

रचना समजणं सुरक्षेसाठीही किती लागतं, हे २०१३ मध्ये कळलं होतं. झिपमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली ठेवल्या, तर अँड्रॉइड डिजिटल सही (फाइल मूळचीच आहे याची खूण) एकीची तपासायचं आणि बसवायचं दुसरीच. ती चूक दुरुस्त झाली. पुढे २०१६ च्या अँड्रॉइड ७.० पासून एकेका फाइलीऐवजी अख्ख्या पॅकेजवर सही करायची पद्धत आली.

२०१८ मध्ये अ‍ॅप बंडल (सगळं एकत्र प्ले स्टोअरला द्यायचं, प्रत्येक फोनपुरतं पॅकेज तिथे बनतं) जाहीर झालं आणि ऑगस्ट २०२१ पासून प्ले स्टोअरवर नव्या अ‍ॅपसाठी सक्तीचं झालं. आता फोनवर येतात ते एपीकेचे तुकडे: एक मूळ, एक स्क्रीनसाठी, एक भाषेसाठी. अ‍ॅपमध्ये मराठी असेल आणि फोनही मराठीत असेल, तर मराठी मजकुराचा तुकडा वेगळा येऊ शकतो. त्यामुळे एकच फाइल उघडून पूर्ण अ‍ॅप दिसेल याची खात्री उरली नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिकेच्या किंवा वाहनाच्या चलानाच्या नावाने एपीके येतात. तशी फाइल फोनवर बसवू नका. संगणकावर एपीके अ‍ॅनलायझरमध्ये टाकली तर ती चालत नाही, फक्त दिसते. मॅनिफेस्टवर क्लिक केलं की परवानग्यांची यादी समोर येते, आणि त्यात 'रिसीव्ह एसएमएस' दिसलं की तिचा डोळा ओटीपीवर आहे असंच समजायचं. पत्रिकेला एसएमएस कशाला लागतात? मात्र यादी साधी दिसली म्हणून फाइल निर्धोक ठरत नाही. खरा कोड अ‍ॅप बसवल्यावर मागाहून उतरवला जात असेल, तर तो या पुडक्यात नसतोच.