पाट, नाला आणि आभाळातली वस्ती

२०२५ च्या एप्रिलमध्ये, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला पंधराएक दिवस उरले असताना, बातमी आली. पृथ्वीपासून १२४ प्रकाशवर्षांवरच्या के२-१८बी नावाच्या ग्रहाच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइड या वायूच्या खुणा दिसल्या. आपल्याकडे हा वायू मुख्यतः समुद्रातले सूक्ष्म जीव तयार करतात. केंब्रिजचे निक्कू मधुसूदन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या नोंदींवरून हा दावा मांडला होता आणि तो सावधपणे मांडला होता. मथळे मात्र दोन दिवसांत ‘परग्रहावर जीवसृष्टी सापडली’ इथवर गेले.

आखाजीला आमच्या घरी घागर भरली. मातीच्या घागरीवर खरबूज, शेजारी सांजोऱ्या. आई एकेका पूर्वजाचं नाव घेत उंबऱ्यावर कुंकवाचं बोट ओढत होती, मग चुलीत आगारी टाकली. पुतण्या शेजारी बसून बघत होता. मोबाइलवरची ती बातमी त्याच्या डोक्यात होतीच. त्याने विचारलं, “आजी, हे सगळे राहतात कुठे?” आई म्हणाली, “चंद्रावर रे बाळा.”

हे उत्तर आईच्या पदरचं नाही. आठशे वर्षांपूर्वी आमच्याच चाळीसगाव तालुक्यात ते शिकवलं जात होतं, आणि गणितासकट.

पाटणादेवीला जाणाऱ्यांना पाटणचा शिलालेख ऐकून माहीत असतो. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला, १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याची माहिती छापली. लेख इ.स. १२०७ चा. यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू. आजोबांचे ग्रंथ, विशेषतः ‘सिद्धान्तशिरोमणी’, शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला आणि स्थानिक निकुंभ राजांनी त्याला दान दिलं. लेखाचा शेवटचा भाग चक्क जुन्या मराठीत आहे. पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरच्या कराचा वाटा मठाला लावून दिल्याचं त्यात लिहिलंय. भास्कराचार्य जन्मले कुठे यावर विद्वानांचा वाद आहे, मठावर नाही. आणि मला मठच मोठा वाटतो. खान्देशातल्या बाजारकरावर आभाळाचा अभ्यास चालत होता, ही गोष्ट आपण पोरांना पुरेशी सांगत नाही.

त्या ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या गोलाध्यायात पितरांचा उल्लेख येतो. ते चंद्राच्या वरच्या अंगाला, म्हणजे आपल्याला कधीच न दिसणाऱ्या बाजूला राहतात, असं भास्कराचार्य धरतात. समजूत जुनीच. पण ते तिथे थांबत नाहीत. तिथे कुणी उभा असेल तर त्याला सूर्य कधी दिसेल, हे ते काढतात. अमावास्येला चंद्र सूर्याच्या बाजूला असतो, तेव्हा सूर्य पितरांच्या बरोबर डोक्यावर येतो. म्हणून आपली अमावास्या ही त्यांची भर दुपार आणि पौर्णिमा ही मध्यरात्र. त्यांचा एक दिवस आपल्या एका चांद्रमासाएवढा. १९५९ मध्ये रशियाच्या लूना-३ यानाने चंद्राच्या त्या बाजूचे पहिले फोटो पाठवले. तिथे पितर दिसले नाहीत, पण दुपारचं गणित चोख निघालं. अमावास्येला तिकडे खरोखरच भर दुपार असते.

मला या श्लोकात आजच्या संशोधनाचं बीज दिसतं. तिथे कोण राहतं हा श्रद्धेचा भाग झाला. राहणाऱ्याला तिथे काय वाट्याला येईल, ऊन किती, रात्र केवढी, हा प्रश्न मोजता येतो. पुढचा सगळा इतिहास म्हणजे पहिला प्रश्न सोडून दुसऱ्याकडे वळायला माणसाला लागलेला वेळ आहे.

युरोपात तो वेळ भरपूर लागला. तारे म्हणजे दूरचे सूर्य आणि त्यांच्याभोवती वस्तीची जगं, असं म्हणणाऱ्या जिओर्दानो ब्रूनोला १६०० मध्ये रोममध्ये जाळलं. त्याच्यावर आरोप पुष्कळ होते, हा त्यांतला एक. शतकभराने ह्युजेन्स हा डच शास्त्रज्ञ ग्रहांवरच्या रहिवाशांविषयी अख्खा ग्रंथ लिहू शकला. तोवर भीती गेली होती, पुरावा मात्र आला नव्हता.

पुरावा म्हणावा असा पहिला ऐवज वरूनच खाली पडला. आभाळातून दगड पडतात हे १७९४ मध्ये क्लाड्नी या जर्मन शास्त्रज्ञाने ठामपणे मांडलं तेव्हा त्याची टर उडाली. पुढच्या दहा वर्षांत ते मान्यही झालं. त्यानंतर २९ जून १८४३ ला आपल्याकडे एदलाबादजवळ, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरजवळ, मानेगावला असाच दगड पडला. जूनअखेर म्हणजे पेरणीचे दिवस, माणसं शिवारात असणार. तुकडे थोडेच हाती लागले, पण ते संग्रहालयांत गेले आणि मानेगावचं नाव जगाच्या अशनीशास्त्रात कायमचं नोंदलं गेलं. हा दगड डायोजेनाइट जातीचा. या जातीचे दगड मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यातल्या व्हेस्टा या लघुग्रहाच्या कवचातून येतात. १९७० मध्ये व्हेस्टावरून परतणाऱ्या प्रकाशाचा या कुळातल्या दगडांशी मेळ बसला आणि २०११ मध्ये डॉन यान व्हेस्टाभोवती फिरू लागल्यावर शंका जवळपास मिटली. लाव्ह्यात तापून निघालेल्या अशा दगडात जीव सापडायची आशा नसते. पण दुसऱ्या जगाचा तुकडा इथवर पोचू शकतो, हे मुक्ताईनगरच्या मातीत सिद्ध झालं.

मग दगड पोचतो तर बी का नाही? हा विचार १८७१ मध्ये लॉर्ड केल्विन यांनी ब्रिटिश असोसिएशनच्या भाषणात उघड मांडला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी आऱ्हेनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने त्याला सिद्धान्ताचं रूप दिलं. दगडात बी कधी सापडलं नाही. बियाण्याचा कच्चा माल मात्र सापडला. २८ सप्टेंबर १९६९ ला ऑस्ट्रेलियात मर्चिसनला पडलेल्या अशनीत सत्तरांहून अधिक ॲमिनो आम्लं मिळाली. बेन्नू लघुग्रहावरून २०२३ मध्ये आणलेल्या मातीत तर जीवसृष्टी वापरते त्या २० पैकी १४ ॲमिनो आम्लं निघाली.

आता १८७७ सालाकडे येतो, कारण या साऱ्या इतिहासातलं मला सगळ्यात जवळचं वाटणारं प्रकरण तिथे सुरू होतं. त्या नोव्हेंबरात धुळे भागात भागूरला अशनी पडला. त्याच्या थोडंच आधी मंगळ पृथ्वीजवळ आला असताना मिलानमध्ये स्कियापारेल्ली या खगोलशास्त्रज्ञाने मंगळाचा नकाशा काढला आणि त्यावरच्या रेघांना इटालियन शब्द वापरला, ‘कानाली’. त्या भाषेत या शब्दाचा अर्थ चर, घळ, ओहोळ असा काहीही होतो. इंग्रजीत जाताना त्याचा ‘कॅनॉल’ झाला. खान्देशातल्या शेतकऱ्याला यातली चूक समजावून सांगावी लागत नाही. नाला पाण्याने पडतो, पाट माणूस पाडतो. स्कियापारेल्लीने नाला म्हटलं, जगाने पाट ऐकलं. आणि पाट असेल तर पाटकरी असणारच!

अमेरिकेत पर्सिव्हल लॉवेल या धनाढ्य माणसाने १८९४ मध्ये ॲरिझोनात वेधशाळाच बांधली आणि पुढची वीस वर्षं तो मंगळावरचे पाट मोजत राहिला. त्याचं म्हणणं असं: मंगळ वाळत चाललाय, ध्रुवावर बर्फ आहे, तिथलं पाणी सगळ्या ग्रहाला पुरवायला तिथल्या लोकांनी पाट खोदले. असं काम भांडत बसणाऱ्यांकडून होत नाही, म्हणजे ते लोक लढाया करत नसणार.

हे वाचलं की मला पांझरेचे फड आठवतात. बंधाऱ्यावरून पाट निघतो, पाटातून चाऱ्या. शिवाराचे तीन-चार फड पाडलेले, एका फडात एका वर्षी एकच पीक. पाणी सोडायचं ते पाटकऱ्याने, कुणी आपल्या मर्जीने दार उघडायचं नाही. शेकडो वर्षं साक्री-धुळे भागात हे चाललं, कारण पाणी थोडं होतं आणि एकट्याने भागणारं नव्हतं. लॉवेल चुकला, पण मंगळावर माणसं असती तर त्यांनी काय केलं असतं याची त्याची कल्पना खोटी नव्हती. तसं करणारी माणसं पांझरेकाठी होती.

त्याची चूक आल्फ्रेड रसेल वॉलेसने १९०७ मध्येच दाखवली. डार्विनबरोबर निसर्गनिवडीचा सिद्धान्त मांडणारा हाच वॉलेस. इतक्या विरळ, कोरड्या हवेत उघड्या पाटाचं पाणी शेकडो मैल टिकेलच कसं, असं त्याने विचारलं. मे महिन्यात भुसावळला ज्याने पाट बघितलाय त्याला हा मुद्दा लगेच पटेल. तरी जगाला आणखी अठ्ठावन्न वर्षं लागली. जुलै १९६५ मध्ये मरिनर-४ ने मंगळाजवळून जाताना एकवीस पूर्ण छायाचित्रं पाठवली. पाट एकही नव्हता, नुसती खड्ड्यांची जमीन होती. दुर्बिणीच्या काठावर, दिसण्याच्या अगदी सीमेवर, डोळ्यांनी सुटे ठिपके जोडून रेघा केल्या होत्या.

पण सहा-सात वर्षांतच मरिनर-९ मंगळाभोवती फिरू लागलं, तिथलं धुळीचं वादळ बसलं आणि खाली कोरडी नदीपात्रं दिसली. पाट नव्हते, नाले होते. स्कियापारेल्लीच्या रेघा ह्या नव्हेत, त्या भासच होत्या. त्याचा शब्द तेवढा खरा ठरला.

१९७६ च्या व्हायकिंग यानांनी मंगळाच्या मातीत जीव शोधला. एका प्रयोगाचं उत्तर ‘हो’सारखं आलं, पण त्याच मातीत सेंद्रिय रेणू दिसेनात. २००८ मध्ये फिनिक्स यानाला तिथे परक्लोरेट हे क्षार सापडले. माती तापवली की ते सेंद्रिय रेणू जाळून टाकतात, त्यामुळे व्हायकिंगचा तो ‘नाही’सुद्धा पक्का राहिला नाही. दरम्यान १९९५ मध्ये मेयर आणि क्वेलोझ यांना सूर्यासारख्या ताऱ्याभोवती पहिला ग्रह सापडला. आज अशा परग्रहांची यादी सहा हजारांच्या पुढे आहे.

मराठी माणसाने या शोधात घातलेली भर सांगायलाच हवी. जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने इस्रोने २००१ आणि २००५ मध्ये हैदराबादहून मोठे फुगे सोडले आणि ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने निर्जंतुक नळकांड्यांत भरून आणले. तपासणी हैदराबाद आणि पुण्याच्या प्रयोगशाळांत झाली. २००९ मध्ये तीन नव्या जिवाणू प्रजाती जाहीर झाल्या. एकीला नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉयल यांचं, एकीला इस्रोचं आणि एकीला आर्यभटाचं नाव दिलं. हे जिवाणू बाहेरूनच आले असं सिद्ध होत नाही, हे इस्रोने त्याच निवेदनात स्पष्ट लिहिलं. मला त्या वाक्याचा फार आदर वाटतो. उलट लिहिलं असतं तर जगभर गाजलं असतं.

के२-१८बीच्या बाबतीत हाच धीर हवा. इतरांनी त्याच नोंदी पुन्हा तपासल्या तेव्हा खूण फिकी निघाली, आणि डायमिथाइल सल्फाइड तर ६७पी या निर्जीव धूमकेतूवरही मिळालंय. पुतण्याला मी एवढंच सांगितलं की अजून कळलेलं नाही. त्याला ते आवडलं नाही.

मग त्याला नाल्याची गोष्ट सांगितली. पर्सिव्हिअरन्स ही गाडी २०२१ पासून मंगळावर जेझेरो विवरात फिरते आहे. त्या विवरात पूर्वी तळं होतं आणि एका नदीचं पाणी त्यात येत होतं. जुलै २०२४ मध्ये त्या नदीच्या सुकलेल्या पात्रात तिला गाळाचा एक तांबूस खडक दिसला. त्यावर बिबट्याच्या अंगावर असतात तसे, कडेने काळसर ठिपके. त्या ठिपक्यांत लोहाची अशी खनिजं आहेत, जी पृथ्वीवर चिखलात बहुतेकदा जिवाणूंच्या खाण्यापिण्यातून तयार होतात. जिवाणूंशिवायही ती होऊ शकतात. सप्टेंबर २०२५ मध्ये हे सगळं छापून आलं, तेव्हा संशोधकांनी ‘संभाव्य खूण’ हाच शब्द वापरला. गाडीने त्या खडकाचा बोटाएवढा गाभा काढून धातूच्या नळीत बंद केला आहे. तो फोडून बघायला इथल्या प्रयोगशाळेत आणावा लागेल. नळी अजून मंगळावरच आहे.