बेंटनव्हिल : लोकसंख्या व लोकरचना

बेंटनव्हिल हे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील आर्कन्सॉ राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, ओझार्क पठारावर वसलेले शहर असून ते बेंटन कौंटीचे मुख्य ठाणे आहे. २०२० च्या जनगणनेत येथे ५४,१६४ रहिवासी नोंदले गेले. १९९० मध्ये हाच आकडा ११,२५७ होता. तीस वर्षांत जवळजवळ पाचपट झालेल्या या वाढीत जन्मदराचा वाटा दुय्यम असून बाहेरून आलेल्या नोकरदारांचा आणि त्यांच्या कुटुंबीयांचा वाटा मोठा आहे. वॉलमार्ट या किरकोळ विक्रीतील बलाढ्य कंपनीचे मुख्यालय येथे आहे आणि तिला कोणत्या काळात कोणत्या प्रकारची माणसे लागली, याचा ठसा शहराच्या लोकरचनेवर स्पष्ट उमटलेला दिसतो.

हा प्रदेश मूळचा ओसेज लोकांच्या शिकारीच्या भूमीचा भाग होता आणि चेरोकी लोकांना १८३० च्या दशकात सक्तीने पश्चिमेकडे हलवले गेले, तेव्हा त्यांच्या काही तुकड्या याच परिसरातून गेल्या. बेंटन कौंटी १८३६ मध्ये अस्तित्वात आली. विसाव्या शतकाच्या आरंभी ती सफरचंदांच्या बागांसाठी देशभर नावाजलेली होती. पुढे कीड आणि रोगांनी बागा उतरणीला लागल्या. १९५० मध्ये, वॉलमार्टचे संस्थापक सॅम वॉल्टन यांनी गावाच्या मुख्य चौकात किरकोळ वस्तूंचे दुकान घेतले तेव्हा, बेंटनव्हिलची लोकसंख्या अवघी २,९४२ होती. त्या दुकानाच्या जागी आता कंपनीचे संग्रहालय आहे.

वॉलमार्टचे पहिले दुकान १९६२ मध्ये शेजारच्या रॉजर्स गावात उघडले. तरीही बेंटनव्हिलची वाढ लगेच वेगावली नाही. १९७० मध्ये ५,५०८ आणि १९८० मध्ये ८,७५६ हे आकडे चढते असले, तरी ते एका बेताच्या कौंटी-ठाण्याचेच आहेत. कारण असे, की दुकाने देशभर पसरत होती आणि त्यांतील नोकऱ्याही त्या त्या गावी निर्माण होत होत्या. खरी झेप घेतली गेली ती खरेदी, दळणवळण आणि संगणकीय यंत्रणा यांचे निर्णय एका जागी एकवटल्यावर. माल पुरवणाऱ्या कंपन्यांना मुख्यालयाच्या जवळ माणसे ठेवणे सोयीचे वाटू लागले. प्रॉक्टर अँड गॅम्बलने १९८० च्या दशकाच्या अखेरीस या परिसरात आपला चमू बसवला आणि मागोमाग इतर पुरवठादारांची कार्यालये आली. १९९८ मध्ये प्रादेशिक विमानतळ सुरू झाला. १९९० ते २००० या दशकात लोकसंख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढून १९,७३० झाली, पुढच्या दशकात सुमारे ७९ टक्क्यांनी वाढून ३५,३०१, आणि २०१० ते २०२० मध्ये आणखी ५३ टक्क्यांनी वाढली. याच शेवटच्या दशकात संपूर्ण आर्कन्सॉ राज्याची वाढ साडेतीन टक्क्यांपेक्षाही कमी होती. राज्यातील अनेक ग्रामीण कौंट्या ओस पडत असताना हा कोपरा मात्र फुगत गेला, ही बाब राज्याच्या दृष्टीने चिंतेचीही आहे.

वंशदृष्ट्या गोऱ्या रहिवाशांचे बहुमत आजही कायम आहे. मात्र आशियाई लोकांचे प्रमाण राज्याच्या सरासरीपेक्षा कितीतरी पटींनी अधिक आहे आणि त्यांत भारतीय वंशाचे लोक ठळकपणे दिसतात. यांतील बरेच जण माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातील असून तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर आलेले किंवा तेथून कायम वास्तव्याच्या वाटेवर असलेले आहेत. मराठी भाषक कुटुंबेही त्यांत आहेत. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते : अमेरिकेची जनगणना नागरिकत्व न पाहता नेहमीच्या राहत्या ठिकाणी माणूस मोजते. साहजिकच ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षे असलेले कुटुंब लोकसंख्येत धरले जाते, शाळेच्या पटावर त्याची मुले असतात, पण मतदारयादीत ते नसते. शहराचा आकडा आणि शहराच्या कारभारात बोलू शकणाऱ्यांचा आकडा यांतील ही तफावत अशा नोकरीप्रधान शहरांत विशेष जाणवते आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही.

हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश भाषक देशांशी मूळ जोडलेल्या लोकांची नोंद २०२० च्या जनगणनेत वेगळ्या प्रश्नाखाली झाली. ते कोणत्याही वंशाचे असू शकतात, म्हणून वंशांची टक्केवारी आणि हिस्पॅनिक टक्केवारी यांची सरळ बेरीज करता येत नाही. शेजारच्या स्प्रिंगडेलशी तुलना केली तर आर्थिक पायाचा परिणाम लख्ख कळतो. तेथे कुक्कुटमांस उद्योगातील कामामुळे हिस्पॅनिक वस्ती मोठी आहे, आणि १९८६ च्या करारान्वये व्हिसाविना राहण्या-काम करण्याची मुभा मिळालेल्या, प्रशांत महासागरातील मार्शल बेटांवरील लोकांचा, अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील सर्वांत मोठा समूहही तेथेच आहे. तासाभराच्या आतल्या अंतरावरची ही दोन शहरे लोकरचनेत इतकी भिन्न आहेत.

वयोरचनेत बेंटनव्हिल देशाच्या मानाने तरुण आहे. कामकरी वयाची दांपत्ये आणि शाळकरी मुले यांचा भरणा असल्याने शिक्षणव्यवस्थेवर ताण आला आणि २०१६ मध्ये शहराच्या शाळा-जिल्ह्याला दुसरे हायस्कूल उघडावे लागले. याउलट उत्तरेकडील बेला व्हिस्टा हे मुळात निवृत्तांसाठी वसवलेले गाव असल्याने तेथे वृद्धांचे प्रमाण मोठे आहे.

अलीकडे कारखानदारी किंवा कार्यालयांखेरीज इतर आकर्षणेही जाणीवपूर्वक उभारण्यात आली आहेत. २०११ मध्ये क्रिस्टल ब्रिजेस हे कलासंग्रहालय सुरू झाले, सायकलवाटांचे जाळे विणले गेले, आणि २०२० मध्ये या विभागात येऊन घरून काम करणाऱ्यांना दहा हजार डॉलर व सायकल देण्याची योजना जाहीर झाली. २०२४ मध्ये वॉलमार्टने डॅलस, अटलांटा आणि टोरांटो येथील कार्यालयांतील बऱ्याच कर्मचाऱ्यांना प्रामुख्याने बेंटनव्हिल येथे स्थलांतर करण्यास सांगितले. नवे विस्तीर्ण मुख्यालय २०२५ मध्ये खुले झाले.

घरांच्या किमती चढल्याने वाढीचा बराच भाग आता शहराच्या हद्दीबाहेर सांडतो. पश्चिमेकडील सेंटरटनची लोकसंख्या २००० मधील २,१४६ वरून २०२० मध्ये १७,७९२ झाली. तेथील अनेक रहिवासी रोज कामाला बेंटनव्हिललाच येतात. म्हणून या शहराचा विचार एकट्याने न करता २,८४,३३३ लोकवस्तीच्या बेंटन कौंटीसह करणे अधिक योग्य ठरते.