साउथडेल : छताखाली आलेल्या बाजारपेठेची पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मोटारी वाढल्या, वस्ती शहराबाहेर सरकली आणि मागोमाग दुकानंही गेली. सिएटलचं नॉर्थगेट (१९५०), डेट्रॉइटजवळचं नॉर्थलँड (१९५४) ही सुरुवातीची मोठी खरेदी केंद्रं उघड्यावरचीच होती. मिनियापोलिसच्या डेटन या मोठं दुकान चालवणाऱ्या कंपनीला तसं केंद्र चालणारं नव्हतं. तिथला हिवाळा कडक बर्फाचा, उन्हाळा दमट. निवांत खरेदी करता येईल असे दिवस वर्षात जेमतेम १२६, असा तेव्हाचा हिशेब. म्हणून व्हिएन्नाहून १९३८ मध्ये अमेरिकेत आलेले वास्तुरचनाकार व्हिक्टर ग्रूएन यांनी सगळी बाजारपेठ एका छताखाली घेतली. इडायना उपनगरातलं हे साउथडेल सेंटर ८ ऑक्टोबर १९५६ रोजी उघडलं. खर्च सुमारे २ कोटी डॉलर, दुकानं ७२, पार्किंग ५,२०० गाड्यांचं. आतलं तापमान वर्षभर २४ अंश सेल्सिअसच्या आसपास.

छताचीच चर्चा जास्त होते, पण खरी करामत मजल्यांत आहे. गिऱ्हाईक सहसा जिना चढायला नाखूश असतं. वरच्या गाळ्यांचा धंदा त्यामुळे बसतो. ग्रूएन यांनी पार्किंगची जमीनच उतरती केली. एका बाजूनं आलात तर थेट खालच्या मजल्यावर, दुसरीकडून आलात तर वरच्या. मधल्या चौकातल्या सरकत्या जिन्यांमुळे ये-जा दोन्हीकडे सारखी राहिली. मजले दोन केल्यानं चालण्याचं अंतर घटलं, आणि वातावरण बंदिस्त असल्यानं प्रत्येक गाळ्याला रस्त्यावरच्यासारखी भक्कम दर्शनी बाजू लागेना. मालाचे ट्रक तळघरातून येत, गिऱ्हाइकांच्या वाटेत नाही. डेटननं डोनाल्डसन्स या प्रतिस्पर्ध्यालाही आत जागा दिली. हे धाडस होतं, पण दोन मोठ्या दुकानांच्या ओढीवरच मधले छोटे गाळे जगतात.

मूळ आराखडा मात्र ४६३ एकरांचा होता. घरं, शाळा, दवाखाना, बाग, तळं. बाजार हा त्याचा एक भाग. केंद्र उघडल्यावर भोवतालच्या जमिनीचे भाव चढले आणि ती वस्ती आराखड्याप्रमाणे उभी राहिलीच नाही. त्यात १९५४ च्या करकायद्यानं नव्या व्यापारी इमारतींवर पहिल्या वर्षांत जास्त घसारा (इमारत जुनी होत जाते म्हणून उत्पन्नातून वजा करायची रक्कम) दाखवायची मुभा दिली होती. कागदोपत्री तोटा दाखवून कर वाचवता येऊ लागल्यानं गुंतवणूकदार गावाबाहेरच्या स्वस्त जमिनींवर मॉल उभारत सुटले. त्यांनी साउथडेलचं छत आणि पार्किंग उचललं, वस्ती सोडून दिली. ग्रूएन यांनी १९७८ मध्ये अशा मॉल्सचं पितृत्व जाहीरपणे नाकारलं, ते याच कारणानं.